घर खाली करायला किती माणसं लागतात?

गेल्या पावसाळ्यात बाबांचा फोन आला. तालुक्याच्या गावी आमचं घर आहे, त्यातल्या खालच्या दोन खोल्या भाड्याने दिल्यात. भाडेकरूंनी चार महिन्यांचं भाडं थकवलं होतं. त्या घरावर मी कर्ज काढलंय आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता माझ्या खात्यातून जातो. म्हणजे भाडं येवो न येवो, बँकेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

बाबा म्हणाले, "काय करू? नोटीस पाठवू?"

मी पुण्यात बसून इंजिनिअरचं डोकं चालवलं. खालच्या खोल्यांना पाणी मोटरने मिळतं. मोटरचा फ्यूज काढून ठेवला की आठवड्याभरात खोल्या रिकाम्या होतील, ना कोर्ट ना वकील. मी गावातल्या नेहमीच्या वायरमनला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, दुसरं कुठलंही काम सांगा. हे नाही करणार."

मला भयंकर राग आला. पैसे मी देणार, घर माझं, आणि हा कोण नाही म्हणणारा? त्या रात्री झोप येईना म्हणून भाडेकरू आणि घरमालकांच्या भांडणांबद्दल वाचत बसलो आणि वाचता वाचता आयर्लंडच्या मेयो काउंटीत जाऊन पोचलो. 'बॉयकॉट' हा शब्द आपण हॅशटॅगमध्ये रोज बघतो. ते एका माणसाचं आडनाव होतं आणि तो माणूस कुळं काढायला निघाला होता, हे मला तोवर माहीत नव्हतं.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मेयो हा आयर्लंडच्या पश्चिम टोकाचा, दगडधोंड्यांचा, पावसाचा आणि गरिबीचा जिल्हा. जमीन मूठभर जमीनदारांची, कसणारी कुळं वेगळी. बहुतेक कुळांकडे लांब मुदतीचा लेखी करार नसे. खंड थकला की जमीन जायची आणि घरही, कारण घर त्याच जमिनीवर.

1845 पासून बटाट्यावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. या काळातला कायदा बघण्यासारखा आहे. ज्या कुळाच्या जमिनीचं मूल्यांकन चार पौंड किंवा त्याहून कमी, त्याचा गरीब-निधीचा कर जमीनदाराने भरायचा. त्यातून 1847 मध्ये आणखी एक कलम आलं: पाव एकरापेक्षा जास्त जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. एक्सेल शीटमध्ये मांडून बघा. गरीब कूळ ठेवलं तर खंड शून्य, वर कर अंगावर. काढून टाकलं तर कर वाचला आणि मोकळ्या रानात गुरं चारता आली. कूळ काढण्यात जमीनदाराला जोखीम जवळजवळ नव्हतीच. जोखीम होती ती ठेवण्यात.

लॉर्ड लुकन या जमीनदाराने हाच हिशेब केला. क्रिमियाच्या युद्धात पुढे घोडदळाचा सेनापती झाला तोच हा लुकन. 1846 ते 1849 या काळात त्याने बॅलिनरोबच्या परिसरात सुमारे 300 घरं पाडली आणि दोन हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर आणली. 1850 मध्ये त्याच काउंटीतल्या स्ट्रेड गावातून डेव्हिट नावाचं कुटुंब निघालं. धाकटा मायकल तेव्हा चार वर्षांचा होता. कुटुंब इंग्लंडमध्ये लँकेशरला गेलं. तिथे कापडगिरणीत काम करताना अकराव्या वर्षी त्याचा उजवा हात यंत्रात गेला.

हा मायकल डेव्हिट 1879 मध्ये मेयोला परत आला. तेव्हा पुन्हा पिकं बुडत होती, अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्याने भाव पाडले होते आणि खंड मात्र तेवढाच होता. ऑक्टोबर 1879 मध्ये डब्लिनमध्ये आयरिश लँड लीग स्थापन झाली. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल अध्यक्ष, डेव्हिट तिचा प्राण. मागण्या तीन: खंड वाजवी हवा, खंड भरतोय तोवर कुळाला काढता येऊ नये, आणि कुळाला आपला हक्क विकता यावा.

आता कॅप्टन बॉयकॉट. चार्ल्स कनिंगहम बॉयकॉट, इंग्लंडमधला, काही काळ लष्करात होता. लॉख मास्क या तळ्याकाठी तो राहायचा. बॅलिनरोब जवळच, म्हणजे लुकनने घरं पाडली तोच भाग. गंमत म्हणजे तो जमीनदार नव्हताच. लॉर्ड अर्न नावाच्या, लांब फर्मानाला राहणाऱ्या जमीनदाराचा तो कारभारी होता. कुळांकडून खंड गोळा करायचा आणि आपलं कमिशन घ्यायचं. शिवाय सहाशे एकरांहून जास्त जमीन त्याने स्वतः अर्नकडूनच खंडाने घेतली होती. म्हणजे कुळं काढणारा स्वतःही एक कूळच.

1880 मध्ये अर्नने खंडात 10 टक्के सूट देऊ केली. कुळांनी 25 टक्के मागितली. अर्नने नकार दिला आणि बॉयकॉटने 11 कुळांवर बेदखलीची कारवाई सुरू केली. याच सुमाराला, 19 सप्टेंबरला, पार्नेलचं एनिसला भाषण झालं. त्याने गर्दीला विचारलं, एकाला काढलेल्या जमिनीवर जो दुसरा येऊन बसतो त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे. त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्ये कुठेही संबंध ठेवू नका.

तीन दिवसांनी बेलिफ पोलिसांचं संरक्षण घेऊन नोटिसा बजावायला निघाला. पहिल्या तीन लागू झाल्या. चौथ्या घरापाशी बायका जमल्या आणि चिखल, शेण, दगड जे हाताला लागेल ते फेकायला लागल्या. बेलिफ पळाला. दुसऱ्या दिवशी लोक बॉयकॉटच्या घरी गेले आणि त्याच्या नोकरांना म्हणाले, काम सोडा.

शेतमजूर गेले. घरातले नोकर गेले. धोबीण येईना, लोहार घोड्यांना नाल मारेना, बॅलिनरोबचे दुकानदार किराणा देईनात. टपाल आणणारा पोरगाही थांबला. खाण्यापिण्याचं सामान तळ्यातून होडीने आणावं लागलं. शेतात पीक उभं होतं, पण काढायला माणूस नव्हता. बॉयकॉटने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहिलं, ते ऑक्टोबरमध्ये छापून आलं आणि गावचं भांडण साम्राज्याच्या अब्रूचं झालं.

मग अल्स्टर प्रांतातून 50 स्वयंसेवक पीक काढायला निघाले. त्यांच्या रक्षणासाठी हजाराच्या आसपास सैनिक आणि पोलीस. क्लेअरमॉरिस स्टेशनवर उतरल्यावर गाडीवान मिळेनात, म्हणून मंडळी भर पावसात बॅलिनरोबपर्यंत चालत गेली. दोनेक आठवडे त्यांनी बटाटे आणि सलगम उपटले, धान्य मळलं. पीक जेमतेम 500 पौंडांचं, खर्च अंदाजे 10,000 पौंड. दर सलगमामागे एक शिलिंग पडला, असा हिशेब पार्नेलने मांडला. नोव्हेंबरच्या शेवटी बॉयकॉट निघाला, तेव्हाही गाडी हाकायला गावातला कुणी तयार होईना. शेवटी लष्कराच्या रुग्णगाडीतून त्याला नेलं.

लुकनच्या आणि बॉयकॉटच्या काळात तीसेक वर्षांचं अंतर. जमीन त्याच भागातली, कायदा अजूनही मालकाच्या बाजूचा, पोलीसही त्याच सरकारचे. मग जोखीम एका बाजूची दुसऱ्या बाजूला कशी गेली? माझं उत्तर असं: कूळ काढणं हे एका माणसाचं काम कधीच नव्हतं. त्याला बेलिफ लागतो, घर पाडणारे लागतात, मोकळ्या जमिनीवर यायला तयार असलेलं दुसरं कूळ लागतं आणि काढणाऱ्याचे कपडे धुणारी बाईसुद्धा लागते. हे सगळे हात फुकट मिळतील असं लुकनने गृहीत धरलं आणि दुष्काळात ते मिळालेही. बॉयकॉटला ते मिळाले नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याच्या सगळ्या डिपेंडन्सी एका दिवसात डाउन झाल्या.

ही गोष्ट गोड करून सांगायची नाही. त्याच सप्टेंबरमध्ये जवळच्याच भागात लॉर्ड माउंटमॉरिस या जमीनदाराला गोळ्या घालून मारलं. बॉयकॉटचं काम सोडणाऱ्या सगळ्यांनी ते मनापासून सोडलं असंही नाही, काहींना धमक्या होत्या. आणि 1881 च्या कायद्याने खंड ठरवायला न्यायालय दिलं, तरी बेदखली पुढेही वर्षानुवर्षं चालू राहिली.

शब्दाचा जन्मही तिथलाच. जेम्स रेडपाथ हा अमेरिकन पत्रकार तिथे आला होता. या प्रकाराला काय म्हणावं, असं त्याने जॉन ओमॅली या पाद्र्याला विचारलं. इंग्रजीतला पुस्तकी शब्द गावकऱ्यांना झेपणार नाही म्हणून ओमॅली म्हणाला, 'बॉयकॉट करणं' म्हणूया. पंचवीस वर्षांनी, वंगभंगाच्या वेळी, तो शब्द आपल्याकडे येऊन स्वदेशीच्या शेजारी बसला. टिळकांच्या चतुःसूत्रीत तो 'बहिष्कार' म्हणून आहे.

पण आपल्याला हे हत्यार बाहेरून आणायची गरज नव्हती. 'वाळीत टाकणं' आपल्याकडे फार जुनं आहे. फक्त त्याची दिशा उलटी होती. मेयोमध्ये खालच्यांनी वरच्याला वाळीत टाकलं, आपल्याकडे जातीने आणि गावकीने बहुतेक वेळा दुबळ्याला टाकलं. बाबासाहेबांनी 1927 मध्ये पाक्षिक काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत', यात सगळं आलं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात 2017 मध्ये लागू झाला. मेयोशी नातं सांगावं असं आपल्याकडे काही असेल, तर तो 1933 चा चरीचा संप. अलिबागजवळच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायचंच थांबवलं आणि सुमारे सहा वर्षं हाल सोसून ती पडीक ठेवली.

पहाट व्हायला आली तेव्हा मला आमचा वायरमन आठवला. तो कुठल्या लीगचा सभासद नव्हता. त्याने फक्त स्वतःचा हात दिला नाही. दुसऱ्या दिवशी कायदाही बघितला: 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार मालकाला भाडेकरूचं पाणी तोडता येत नाही. पण मला कायद्याने नाही अडवलं. कायदा मला ठाऊकच नव्हता. अडवलं ते एका माणसाच्या नकाराने.

बाबा मग खाली जाऊन बसले. भाडेकरूंची नोकरी सुटली होती. बाबांना ते आधीपासून माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं. थकबाकी सहा हप्त्यांत द्यायची असं ठरलं. त्यातले दोन हप्ते उशिरा आले. माझा मात्र पाच तारखेलाच जातो, आणि गेला की अजूनही चिडचिड होते.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मोटर बिघडली होती. वायरमनला बोलावलं. त्याने फ्यूज बदलला, मोटर चालू झाली आणि वरखाली दोन्हीकडे पाणी आलं. त्या फोनबद्दल तो काही बोलला नाही. मीही नाही. त्याने सांगितले तेवढे पैसे दिले आणि चहाला थांबवलं.