खेळ पोरांचा की आपला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझं गाव असोदा. जळगावच्या अगदी शेजारचं. बहिणाबाईंचं माहेर म्हणून मराठी वाचकांना ते ठाऊक आहे आणि वांग्याच्या भरितासाठी खवय्यांना. आज मात्र मला गावच्या मैदानाविषयी बोलायचं आहे आणि त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

२००८ सालचा हिवाळा असेल. शेजारच्या गावच्या पोरांशी आमच्या पोरांचा क्रिकेटचा सामना होता. सगळी बारा-तेरा वर्षांची. माझ्या मुलाच्या हातून एक सोपा झेल सुटला आणि मी, कविता लिहिणारा, गावात सभ्य म्हणून ओळखला जाणारा माणूस, भर मैदानात ओरडलो, "डोळे फुटले का रे?" पुढच्या षटकात पंचाने वाइड दिला, तर त्या बिचाऱ्या तरुण मास्तरांनाही मी सोडलं नाही. समोरचा एक पोरगा बाद झाला तेव्हा आम्ही बापमंडळींनी अशी हुर्यो उडवली, की तो रडत रडत झाडाखाली जाऊन बसला. माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी होते. ते शांतपणे म्हणाले, "भो, खेय पोरांचा हाये का तुमचा?" आमच्या लेवा बोलीत खेळाचा 'खेय' होतो. मी ते हसण्यावारी नेलं. पण प्रश्न मागे लागला तो लागलाच. शालेय क्रिकेटचा इतिहास वाचताना तर तो पानोपानी भेटला.

सुरुवात १८९९ पासून करू. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या क्लिफ्टन कॉलेजात एका अंतर्गत सामन्यात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलानं नाबाद ६२८ धावा केल्या. हा मुलगा आपल्याकडे हजारीबागला जन्मलेला. सामना कित्येक दुपारी चालला. बातमी पसरली, तशी मुलांच्या या सामन्याला मोठ्यांची गर्दी होऊ लागली. पुढे १९१४ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या लढाईत कॉलिन्स मारला गेला. विक्रम मात्र शंभरावर वर्षं टिकला. पोरांच्या खेळात विक्रमाची भूक मोठ्यांना लागते, हे काही आजचं नाही.

आता आपल्या मुंबईत येऊ. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शिल्डचा उपांत्य सामना. शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. हे आकडे आपल्याला पाठ आहेत. त्यामागची गोष्ट मात्र आपण गंमत म्हणून सांगतो आणि सोडून देतो. डाव घोषित करा, असं रमाकांत आचरेकर सरांचे सहायक सीमारेषेवरून खुणावत होते आणि ही दोन पोरं तिकडे बघतच नव्हती! शेवटी सरांनी फोनवरून बजावलं. साडेतीनशेला एकच धाव हवी आहे, अशी विनवणी कांबळीनं केली. सरांनी ऐकलं नाही. ७४८ वर २ बाद असताना डाव घोषित झाला. मैदानाच्या कडेला 'पुरे' म्हणणारा एक मोठा माणूस होता. ती एक धाव नाकारणं मला त्या ६६४ धावांइतकंच मोलाचं वाटतं.

पुढे २०१६ चा जानेवारी. कल्याणला भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलानं नाबाद १००९ धावा केल्या. कॉलिन्सचा विक्रम मोडला. देशभर कौतुक झालं आणि त्या पोराची जिद्द कौतुकाचीच होती. पण धावफलक नीट वाचा. समोरच्या संघानं आधी फलंदाजी केली होती आणि तो ३१ धावांत बाद झाला होता. म्हणजे बत्तिसाव्या धावेलाच आघाडी मिळाली होती. डाव घोषित झाला तो १४६५ वर! मग समोरची पोरं पुन्हा ५२ धावांत बाद झाली. मोठी मुलं परीक्षेत अडकल्यामुळे त्या संघात लहान मुलं उतरवली होती, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आलं होतं. कॅमेरे प्रणवकडे वळले. दोन दिवस उन्हात चेंडूमागे धावलेल्या त्या चिमुरड्यांकडे कोण बघणार? दोष प्रणवचा नाही. पोरगं खेळतच राहणार, ते त्याचं वयच आहे. थांबवण्याचं काम मोठ्यांचं असतं.

आणि प्रणवचं पुढे काय झालं? मुंबई क्रिकेट संघटनेनं महिना दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. अपेक्षांचं ओझं वाढलं, खेळ मनासारखा होईना. तेव्हा २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी, कल्याणला रिक्षा चालवणाऱ्या माणसानं, ही शिष्यवृत्ती थांबवा, असं संघटनेला कळवलं. पालकानं कसं वागावं याचा धडा या गोष्टीतही आहे, तो विसरू नये.

आता मारण्याविषयी. आचरेकर सरांनी सचिनला मारलेली चपराक प्रसिद्ध आहे. सरांनी ठरवून दिलेला सराव सामना सोडून तो वानखेडेवर शाळेचा सामना बघत बसला होता. चपराकीसरशी हातातला डबा उडाला. हे सचिननंच प्रेमानं सांगितलं आहे. पण तेवढंच ऐकून आपण गावोगाव असा समज करून घेतला, की चपराकीतून सचिन घडतो. अहो, चपराकी खाल्लेली हजारो पोरं सचिन झाली नाहीत, ती मैदानच सोडून गेली! त्याच सरांनी यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवून, बाद न होणाऱ्या सचिनला ती नाणी बक्षीस दिली होती. ती नाणी त्यानं जपून ठेवली आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली. शाळेचं मैदानही शाळाच आहे, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

मी मुशायऱ्यांत वाढलेला माणूस. तरुणपणी पहिल्यांदा वाचायला उभा राहिलो तेव्हा पाय लटपटत होते, एक मिसरा चक्क वजनातून घसरला. पुढच्या रांगेतल्या एका बुजुर्गांनी तरीही "वाह, मियाँ, पुढे?" म्हटलं. त्या एका 'वाह'वर मी आजवर लिहितो आहे. ज्याला अशी दाद मिळाली, त्यानं परक्या पोराची हुर्यो उडवावी, याची लाज मला आजही वाटते.

१९९९ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मुलींच्या एका फुटबॉल लीगनं एक साधा उपाय केला. एक रविवार ठरवला आणि पालकांना सांगितलं, आज मैदानाच्या कडेला कुणीही ओरडायचं नाही. आपल्याकडेही हे जमण्यासारखं आहे. त्याला खर्च लागत नाही, फक्त जीभ आवरावी लागते.

त्या सामन्यानंतर माझा मुलगा मला सामन्याची वेळ चुकीची सांगू लागला. चार वाजता आहे म्हणायचा. मी पोचेपर्यंत खेळ आटोपलेला असायचा. मला वाटे, पोरगं विसराळू आहे. गेल्या वर्षी, तो स्वतः कमावता झाल्यावर, मी सहज विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "अब्बा, तुम्ही आलात की मला चेंडू दिसायचा नाही. तुम्हीच दिसायचात."

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. बाबा, खेळ पोरांचाच होता. आता मी गावच्या मैदानावर जातो, तेव्हा बाभळीखाली गप्प बसतो आणि समोरच्या गावचा पोरगा बाद होऊन परतला, की आधी त्याच्यासाठी टाळी वाजवतो. तुम्हीही एकदा वाजवून बघा.