सीडीवरचे व्हिडिओ गेम आणि हडपसर

व्हिडिओ गेम कॅसेटऐवजी सीडीवरून चालवण्याची सुरुवात जपानमध्ये झाली. एनईसी कंपनीने ४ डिसेंबर १९८८ रोजी आपल्या ‘पीसी इंजिन’ या यंत्राला जोडायचा सीडी ड्राइव्ह बाजारात आणला. त्या वेळचे पुण्याजवळचे हडपसर म्हणजे मुठा उजव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि भाजीपाला, सोलापूर रस्त्यालगतची औद्योगिक वसाहत आणि संध्याकाळी दूरदर्शन. सीडीवरचे गेम इथल्या घरांत पोहोचायला त्यानंतर दहाएक वर्षे गेली. जे यंत्र अखेर पोहोचले, ते सर्वांत सरस होते म्हणून आले असे म्हणता येत नाही. घरातली वीज, टीव्हीची रंगपद्धत, सीडीची नक्कल निघते की नाही आणि लेन्स बिघडली तर दुरुस्त कोण करणार, या चार प्रश्नांनी निवड ठरवली. पुण्याच्या उपनगरांत कोणते यंत्र रुजले आणि कोणते कधी दिसलेच नाही, हे या प्रश्नांच्या उत्तरांवरून बऱ्यापैकी उलगडते.

सीडीच्या आधी कॅसेटचे राज्य होते. ‘सामुराई’, ‘मीडिया’ अशा नावांनी विकली जाणारी आठ-बिट यंत्रे १९९०च्या दशकात महाराष्ट्रभर पसरली. एका कॅसेटमध्ये शेकडो, कधी हजारो गेम असल्याचा दावा वेष्टनावर असे. प्रत्यक्षात पाच-दहा गेमच फिरून फिरून येत. दशकाच्या मध्यावर सेगाची यंत्रे भारतात अधिकृतपणे आणली ती शॉ वॉलेस या मद्यव्यवसायातल्या बड्या कंपनीने. पण ती महाग होती आणि त्यांच्या कॅसेटही महाग होत्या. घासाघीस पुण्याच्या तपकीर गल्लीत करा किंवा कॅम्पात, कॅसेटमधल्या चिपची किंमत खाली येत नसे. खेळ जितका मोठा तितकी चिप मोठी आणि महाग, हा हिशेब कारखान्यातच ठरलेला होता.

सीडीने हा हिशेब मोडला. त्या काळच्या कॅसेटमध्ये फार तर काही मेगाबाइट मावत, सीडीत साडेसहाशे. शिवाय चकती छापायला फारसा खर्च येत नाही. पीसी इंजिनच्या सीडीवर खरीखुरी गाणी आणि माणसांचे आवाज आले, सेगाने १२ डिसेंबर १९९१ रोजी आपल्या मेगा ड्राइव्हसाठी ‘मेगा सीडी’ काढली. दोन्ही जोडयंत्रे होती: मूळ यंत्र वेगळे घ्यायचे, ड्राइव्ह वेगळा. आज जुन्या यंत्रांचे शौकीन यांच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. त्या काळी मात्र ती भारतीय बाजारात कधी नीट उतरलीच नाहीत. एक गंमत अशी, की पीसी इंजिनच्या सीडीला नक्कल रोखणारे कुलूपच नव्हते. १९८८ साली घरात सीडी लिहिता येईल असे कोणाच्या मनात आले नव्हते.

सेगा सॅटर्न २२ नोव्हेंबर १९९४ला आणि सोनीचे प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ला जपानमध्ये विक्रीस आले. पुणेकरांसाठी पुढचा सगळा इतिहास या दोहोंतल्या एका तांत्रिक फरकावर बेतला गेला. दोघांनीही सीडीला कुलूप घातले होते. सॅटर्नचे कुलूप चकतीच्या बाहेरच्या कडेवर एका खास वलयात होते; ते वाचायला ड्राइव्हची लेन्स खरोखर तिथवर सरकावी लागे, म्हणून त्याला चकवणे अवघड गेले. प्लेस्टेशनचे कुलूप आतल्या बाजूला होते. चकतीच्या सुरुवातीच्या खोबणीला कारखान्यात मुद्दाम सूक्ष्म नागमोडी वळण दिलेले असे आणि त्या वळणात चार अक्षरे दडवलेली असत. जपान, अमेरिका आणि युरोप यांच्यासाठी चौथे अक्षर वेगळे. घरगुती सीडी रायटरला हे वळण काढता येत नाही. पण यंत्राला ते वळण प्रत्यक्ष हवे नव्हते, ती चार अक्षरे मिळाली की पुरे होते. त्यामुळे आत एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर बसवून, चार-पाच तारा डाखवून ती अक्षरे सतत पुरवत राहिले की यंत्र कोणतीही सीडी अस्सल समजे.

यालाच बाजारात ‘चिप बसवणे’ म्हणत. एका डागणीत दोन कामे साधत: नक्कल केलेल्या सीडी चालत आणि कोणत्याही देशाच्या सीडी कोणत्याही यंत्रावर चालत. मूळ गेम हजार-दोन हजारांचा, नक्कल शंभराच्या आगेमागे. सोल्डरिंग येणारा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला हे काम अर्ध्या तासात करू शकत होता, आणि असे कारागीर पुण्यात पेठांपासून उपनगरांपर्यंत होते. सॅटर्न काही बाबतींत, विशेषतः सपाट चित्रांच्या गेममध्ये, प्लेस्टेशनपेक्षा सरस होता असे जाणकार आजही सांगतात. पण ज्याच्या सीडी शेजाऱ्याकडून मागून आणता येत नाहीत, ते यंत्र वसाहतीत कोण घेणार? जगभरात प्लेस्टेशन दहा कोटींहून अधिक खपले, त्यात इथल्या चोरबाजारी सीडीचा वाटा मोजता येत नाही. इथल्या निवडीत मात्र तोच निर्णायक होता. तासाच्या भाड्याने टेकेन-३ खेळवणारी छोटी पार्लरही याच चिप बसवलेल्या यंत्रांवर उभी राहिली. करमणूक शुल्काच्या कायद्यात व्हिडिओ गेमची यंत्रेही धरलेली होती, तरी दोन टीव्ही आणि चार कंट्रोलरांचे दुकान सरकारदरबारी सहसा कोणाच्या नजरेत येत नसे.

पहिल्या प्लेस्टेशनचा खरा शत्रू लेन्स. सुरुवातीच्या आवृत्त्यांत लेन्स ज्या गाड्यावरून सरकते तो प्लास्टिकचा होता आणि वीजपुरवठ्याचा गरम भाग तिच्या जवळ होता. वर्षभर वापरल्यावर प्लास्टिक झिजे, लेन्स किंचित तिरकी होई आणि मग खेळाच्या मधला चित्रपट अडखळू लागे. उपाय जगभर एकच निघाला: यंत्र उलटे ठेवायचे. झाकण खाली, बूड वर, तरी सीडी फिरत राही, कारण ती मधल्या बोंडाला घट्ट अडकलेली असे. वजन दुसऱ्या बाजूला पडल्याने लेन्स पुन्हा सरळ होई. उलटे चालेना तर आडवे कुशीवर. तेही चालेना तर कारागीर लेन्सशेजारचा इवलासा स्क्रू पाव फेरा फिरवून लेझरचा जोर वाढवी. यंत्र सहा महिने चाले आणि मग कायमचे आंधळे होई. ओरखडे पडलेल्या सीडीला टूथपेस्ट घासण्याचा घरगुती उपायही प्रसिद्ध आहे. तो कधी लागू पडे, कधी सीडीचे आणखी वाटोळे करी. सोनीने पुढच्या आवृत्त्यांत लेन्स वीजपुरवठ्यापासून दूर नेली. यंत्राच्या खाली छापलेला क्रमांक पाहून घेण्याची सवय जाणत्यांना यातूनच लागली. त्या क्रमांकाचा शेवटचा अंक देश सांगतो: ७००० जपानचे, ७००१ अमेरिकेचे, ७००२ युरोपचे.

देश कळणे गरजेचे होते, कारण चुकीची किंमत पहिल्याच मिनिटात मोजावी लागे. जपानची घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेची १२०, आपली २३०. नातेवाइकाने जपान-अमेरिकेतून आणलेले यंत्र थेट भिंतीतल्या सॉकेटला लावले की आतला वीजपुरवठा जळून जाई. म्हणून विटेएवढा जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर टीव्हीच्या टेबलाखाली ठेवावा लागे, आणि तो न विसरता आधी लावण्याची शिस्त घरातल्या सगळ्यांना शिकवावी लागे.

वीज जमली तरी रंग राहतच. सिंहगडावरून १९७३पासून पुण्यात दूरदर्शन दिसू लागले आणि १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले ते पाल पद्धतीने. जपान-अमेरिकेची पद्धत एनटीएससी. केवळ पाल समजणाऱ्या टीव्हीला अमेरिकी यंत्र जोडले तर चित्र उमटे, पण काळेपांढरे, आणि कधी कधी वरून खाली घसरत राही. पुढे दोन्ही पद्धती समजणारे टीव्ही सर्रास मिळू लागले, तेव्हा हा त्रास संपला. युरोपातली यंत्रे पालच असल्याने वीज आणि रंग दोन्ही बाबतींत आपल्याला सोयीची होती. त्यांची खोट वेगळी. सेकंदाला साठऐवजी पन्नास चित्रे दाखवताना कित्येक गेम सहाव्या हिश्शाने संथ चालत आणि वर-खाली काळ्या पट्ट्या येत. ज्याने आयुष्यात तेवढाच वेग पाहिला होता, त्याला काही जाणवत नसे.

या सगळ्या कटकटीला वळसा घालणारी एक वाट होती, आणि गेमच्या इतिहासात तिची नोंद सहसा होत नाही. डीव्हीडी प्लेअर स्वस्त झाले तेव्हा चिनी बनावटीच्या अनेक प्लेअरांबरोबर दोन जॉयस्टिक आणि तीनशे गेमची एक सीडी मिळू लागली. गेम तेच, दहा वर्षांपूर्वीच्या कॅसेटवरचे आठ-बिट; फक्त आता ते चकतीवर होते. मोठ्यांसाठी सिनेमा, मुलांसाठी मारिओ, खर्च एकदाच. ‘डिस्कवरचा गेम’ म्हणून अनेक मराठी घरांनी प्रत्यक्षात पाहिला तो हाच, प्लेस्टेशन नव्हे.

प्लेस्टेशन-२ जपानमध्ये ४ मार्च २०००ला आले. त्याच सुमारास हडपसरचा नकाशा बदलू लागला. मगरपट्ट्यातल्या शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून स्वतःच वसाहत उभारायला घेतली. उसाच्या जागी आयटी कंपन्यांच्या इमारती आणि त्यांत काम करणाऱ्यांची घरे आली. या घरांतले लोक परदेशी कामावर जात, आणि परतताना बॅगेत यंत्र आणत. पीएस-२च्या बारीक आवृत्तीचा वीजपुरवठा सुरुवातीला बाहेरच्या अडॅप्टरवर होता, आणि तो १००पासून २४० व्होल्टपर्यंत चालत असे. ट्रान्सफॉर्मरची वीट अखेर टेबलाखालून गेली. डीव्हीडीमुळे एका चकतीत ४.७ गिगाबाइट मावू लागले, शिवाय तेच यंत्र सिनेमाही दाखवी. चिप इथेही लागे, पण ती बसवायला तारा कितीतरी जास्त, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला ते जमत नसे.

सेगाच्या ड्रीमकास्टची कथा नेमकी उलटी. त्याच्या खास चकतीत सुमारे एक गिगाबाइट मावे, म्हणून सेगाला वाटले की साध्या सीडीवर नक्कल होणार नाही. पण संगीताच्या सीडीसाठी ठेवलेल्या एका सोयीतून वाट निघाली आणि २००० साली कोणतीही चिप न बसवता नकली सीडी चालू लागल्या. इथल्या बाजाराला हे सोयीचेच होते, पण उशीर झाला; मार्च २००१मध्ये सेगाने उत्पादनच थांबवले.

भारतात सोनीने पीएस-२ बरीच वर्षे विकले, पीएस-३ आल्यानंतरही. पीएस-३ इथे एप्रिल २००७मध्ये ३९,९९० रुपयांना आले; त्या किमतीपुढे जुने यंत्रच बरे वाटणे साहजिक होते. म्हणूनच भारतीय मातीतले गेम निघाले ते पीएस-२साठी. २००९चा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ हैदराबादच्या कंपनीने केला; देवाला बटणांवर नाचवणे अनेकांना खटकले, आणि खेळ म्हणूनही तो सुमारच होता. त्याच वर्षीच्या ‘देसी अड्डा’त कबड्डी आणि विटीदांडू होते. मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्लीतल्या क्रिकेटवर गेम काढला. नकली चकत्यांना आळा घालण्याचा प्रयत्नही याच काळातला: झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या एमपीडीए कायद्यात महाराष्ट्राने २००९ साली व्हिडिओ पायरेट्सची भर घातली. एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करण्याची त्यात तरतूद होती. नकली चकत्यांचा धंदा अखेर संपला तो इंटरनेटमुळे. त्यात या कायद्याचा हात किती, याबद्दल शंकाच आहे. अमनोरासारखे मॉल हडपसरला आले तोवर पीएस-२चा बहर ओसरत होता. ४ जानेवारी २०१३ रोजी सोनीने त्याचे उत्पादन जगभर थांबल्याचे जाहीर केले.

पुणे या व्यवसायात नुसते गिऱ्हाईक राहिले नाही. २००८ साली युबिसॉफ्टने शहरात स्टुडिओ घेतला आणि ‘जस्ट डान्स’ मालिकेच्या कामात त्याचा सहभाग राहिला. या मालिकेचा २०२०चा भाग निन्टेन्डोच्या वी यंत्रासाठी चकतीवर निघाला, ते यंत्र येऊन तेरा वर्षे झाल्यावर.

आज हडपसरमध्ये कोणी जुने चकतीचे यंत्र घ्यायला निघाला, तर प्रश्न जवळपास तेच आहेत, उत्तरे बदलली आहेत. वीज सर्वांत सोपी: २०००मध्ये आलेल्या छोट्या पीएस-वनला बाहेरून साडेसात व्होल्ट लागतात, तेवढा अडॅप्टर मिळाला की झाले. टीव्ही मात्र अवघड झाला. काचेचे जाड टीव्ही भंगारात गेले. सपाट पडद्यावर जुने चित्र धूसर दिसते आणि बंदुकीचे गेम चालतच नाहीत, कारण ती बंदूक जुन्या पडद्यावर धावणाऱ्या किरणाची वेळ टिपून निशाणा ओळखते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात काचेचा टीव्ही मिळाला तर तो घरी आणण्याचे भाडे त्याच्या किमतीहून जास्त पडण्याची शक्यता असते. घरी लिहिलेल्या जुन्या सीडींचा रंगाचा थर ऊन-उष्णतेने उडून गेलेला असतो. कारखान्यात छापलेल्या चकत्या बहुधा अजून शाबूत असतात.

लेन्सचे उत्तर पूर्णच नवे आहे. ड्राइव्ह काढून त्या जागी एसडी कार्ड वाचणारी पट्टी बसवता येते: पहिल्या प्लेस्टेशनच्या बहुतेक जाड आवृत्त्यांना एक्सस्टेशन, सॅटर्नला फेनरीर, ड्रीमकास्टला जीडीईएमयू. यंत्राला वाटते चकती फिरते आहे. पीएस-२मध्ये त्याहून सोपे, खास तयार केलेल्या मेमरी कार्डावरूनच यंत्र सुरू करून गेम हार्ड डिस्कवर ठेवता येतात. जाड आवृत्तीत हार्ड डिस्कची जागाच आहे. मात्र शेवटच्या ९०००० मालिकेतल्या उशिराच्या यंत्रांवर ही युक्ती चालत नाही, म्हणून खरेदीच्या वेळी खालचा क्रमांक इथेही वाचावा लागतो. ज्याच्याकडे मूळ चकत्यांचा संग्रह आहे, त्याने लेन्स चांगली असलेले जाड पीएस-२ घ्यावे, कारण ते पहिल्या प्लेस्टेशनच्या चकत्याही चालवते. ज्याला फक्त खेळायचे आहे, त्याला पट्टी बसवलेले यंत्र पुरते. पीसी इंजिन किंवा मेगा सीडीच्या वाटेला जाणाऱ्याने ट्रान्सफॉर्मर, ड्राइव्हच्या गिअरचे झिजलेले दाते आणि गळके कपॅसिटर यांची तयारी ठेवूनच जावे. त्यांचे सुटे भाग अजूनही परदेशातूनच मागवावे लागतात.