देवडी, पडवी आणि चपलांचे कपाट

मराठी घरात बाहेरून आलेल्या वस्तूची जागा दारापाशीच ठरलेली असे. वहाणा, काठी, घोंगडी, पगडी, कंदील, भिजलेले इरले यांतले काहीही सरसकट माजघरापर्यंत जात नसे. तरीही या वस्तूंसाठी मुद्दाम केलेले कपाट किंवा घडवंची जुन्या घराच्या तोंडाशी क्वचितच दिसते. घर बांधतानाच ही सोय भिंतीच्या जाडीत, खांबांवर आणि छपराच्या उताराखाली केलेली असे.

कोकणातल्या घराची पडवी हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. अंगणातून आले की आधी पडवी, तिच्या एक-दोन पायऱ्या वर ओटी आणि ओटीच्या आत माजघर, असा क्रम असे. पावसाचे चार महिने निभावायचे तर ओल्या आणि कोरड्या वस्तू वेगळ्या ठेवणे भागच होते. बांबूच्या कामट्यांचे, पानांनी शाकारलेले इरले शेतातून आले की पडवीत टेकून उभे राही आणि त्याचे पाणी तिथेच निथळे. नांगर, जू, टोपल्या, पावसाळ्यासाठी साठवलेली लाकडे यांचा मुक्कामही पडवीतच असे. विळा, कोयता, सुंभाची गुंडाळी अशा किरकोळ वस्तू वळचणीत खोचल्या जात. उतरत्या छपराची कड हाताच्या उंचीवर येत असल्याने त्या सहज सापडत आणि लहान मुलांच्या हातीही लागत नसत. पायरीशी पाण्याचा तांब्या किंवा दगडी डोणी असे. पाय धुतल्यावरच माणूस ओटी चढे. ओटीवर झोपाळा आणि भिंतीला खुंट्या असत, त्यांवर पाहुण्याचे उपरणे आणि टोपी जाई. एवढ्या साध्या मांडणीने चिखल, ओल आणि धूळ तीन टप्प्यांत अडवली जाई. घराच्या प्रवेशाचा इतका नेटका विचार नंतरच्या बांधकामात फारसा झालेला नाही.

देशावरच्या वाड्यात हेच काम देवडी करी. मोठा दरवाजा, त्यातली माणसापुरती दिंडी आणि आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांचे ओटे, अशी तिची रचना असे. मराठवाड्यात या जागेला ढाळज म्हणतात. देवडीवरच्या माणसांची शस्त्रे, कांबळी आणि कंदील तिथल्याच खुंट्यांवर व कोनाड्यांत राहत. दाराला आतून लावायचा अडसर दिवसा भिंतीतल्या भोकात सरकवून ठेवत. म्हणजे अडसराचीही साठवण भिंतीतच होई. खालच्या थराला दगड आणि वर वीट किंवा पांढरी माती अशा भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड असत. त्यामुळे त्यांत वीतभर खोल कोनाडा कोरला तरी भिंतीचे काही बिघडत नसे. दिव्यासाठी लहान देवळी, पोथी-दप्तरासाठी कोनाडा, मौल्यवान वस्तूंसाठी लाकडी झडपांचे फडताळ असे प्रकार त्यातूनच आले. पुणेरी पगडी आधीच बांधून तयार केलेली असल्यामुळे ती घडी करून ठेवता येत नसे. तिला खुंटी किंवा कोनाडाच हवा. नको असलेली गोष्ट ‘खुंटीला टांगणे’ हा वाक्प्रचार याच घरातला आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. कोणती वस्तू कुठवर जाईल हे ठरवणारी रचना कोणता माणूस कुठवर येईल हेही ठरवत होती. अनेक जातींच्या माणसांना अंगणातच थांबावे लागे. पुढे चहा रुळल्यावर त्यांच्यासाठी वेगळी ठेवलेली कपबशी पडवीच्या कोपऱ्यात किंवा बाहेरच्या कोनाड्यात असे. जुन्या ओटी-पडवीचे कौतुक करताना तो कोनाडा विसरता येत नाही.

गिरणगावात आलेल्या कोकण-घाटावरच्या माणसांची घरे बदलली. मुंबई विकास खात्याने 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींत खोलीचे क्षेत्रफळ सुमारे 160 चौरस फूट होते. तेवढ्यात पडवीही नाही आणि देवडीही नाही. मग सामाईक गॅलरीच सगळ्यांची पडवी झाली. दाराबाहेर चपलांची रांग, पाण्याचे पिंप, कोळशाचे पोते, कठड्याला अडकवलेली छत्री आणि खोलीत दारामागे लाकडी पट्टीवर ठोकलेले खिळे, अशी नवी मांडणी रूढ झाली. एकाच खोलीत अनेक गिरणी कामगार राहत तिथे प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवरचा एक खिळा हीच त्याची हक्काची जागा होती.

पुण्यात वाड्यांचा मोठा ऱ्हास 12 जुलै 1961 च्या पानशेत पुरानंतर झाला. नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे त्या दिवशी कोसळले. वाढती लोकसंख्या, गोठलेली भाडी आणि रखडलेली दुरुस्ती यांनी पुढच्या दशकांत बाकीच्यांचा बळी घेतला. मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा राज्यात 1963 मध्ये आला आणि शहरी मराठी घर म्हणजे फ्लॅट हे समीकरण हळूहळू पक्के झाले. फ्लॅटच्या बाहेरच्या भिंती जेमतेम सहा ते नऊ इंचांच्या आणि आतल्या त्याहून पातळ, म्हणजे कोनाड्याचा प्रश्नच मिटला. दार उघडले की माणूस थेट हॉलमध्ये येतो.

जाड भिंत गेली याचा सगळाच खेद करण्याचे कारण नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. तेव्हा मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड धाबी झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जण दगावले. कोनाड्याला जागा देणारी जाडी तिथे जीवघेणी ठरली होती.

भिंतीतून गेलेली साठवण मग लाकूडसामानात आली. आधी लोखंडी पट्ट्यांचा चपलांचा स्टँड, पुढे प्लायवूडवर सनमायका लावलेले बंद कपाट, वर बसायला फळी आणि शेजारी किल्ल्यांचे हुक. यातले माप साधे आहे. मोठ्या माणसाचा बूट 28 ते 30 सेंटीमीटर लांब असतो, म्हणून सरळ फळीच्या कपाटाला साधारण 35 सेंटीमीटर खोली लागते. तिरपे उघडणारे कप्पे केले तर सुमारे 20 सेंटीमीटरमध्येही भागते. दमट हवेत बंद दाराआड चामड्याला बुरशी धरते, त्यामुळे दाराला जाळी किंवा झडपांच्या फटी हव्यातच. दुचाकीच्या शहरांत हेल्मेटसाठी वेगळा कप्पा लागतो, तर ओल्या छत्रीखाली निथळणारे पाणी धरणारे भांडे. पडवीने हे काम फुकट केले होते.

एवढे करूनही बहुतेक इमारतींत हे कपाट दाराबाहेरच उभे दिसते, कारण आराखड्यात त्याला आत जागाच सोडलेली नसते. जिना आणि त्यापुढची मोकळी जागा सर्वांच्या सुटकेची वाट असते. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार ती अडवता येत नाही. म्हणून घर घेताना किंवा बांधताना नकाशावर दाराच्या आत, भिंतीलगत सव्वा फूट रुंदीची एक पट्टी आधी आखून घ्यावी आणि सोफ्याची जागा त्यानंतर ठरवावी.