रहीम साब : आपल्याच संस्थानातले एक मास्तर

सतरा सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. नांदेड-लातूरच्या शाळांत निजाम, रझाकार आणि पोलीस अॅक्शन यांवर भाषणे होतात. ती झालीच पाहिजेत. पण हैदराबाद संस्थानाचा इतिहास तिथेच संपला, असा समज मुलांच्या मनात राहतो. म्हणून मी वर्गात आणखी एक नाव सांगतो : सय्यद अब्दुल रहीम.

रहीम साब 1909 साली हैदराबादेत जन्मले. तेव्हा नांदेड त्याच संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठात आपल्याकडची कितीतरी मुले शिकली. रहीम साबही तिथलेच पदवीधर. विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळले, मग शाळेत मास्तर झाले.

फुटबॉलचे मूळ शोधताना सगळे इंग्लंडचे नाव घेतात. पण एकमेकांना चेंडू देत पुढे सरकण्याची रीत रुळवली ती स्कॉटलंडच्या खेळाडूंनी. सेल्टिकचा जॉन मॅडन 1905 मध्ये प्रागला गेला आणि 1930 पर्यंत स्लाव्हिया संघाला शिकवत राहिला. खेळाडूचा मास्तर झाला की खेळ कसा बदलतो, याचे ते उदाहरण. आपल्याकडे तेच काम रहीम साबांनी केले.

त्यांची पद्धत कोणत्याही बी.एड. झालेल्या माणसाला चटकन ओळखू येईल. ते अशा स्पर्धा भरवत, जिथे चेंडू पायात घोळवायला मनाई असे. आला की लगेच पुढे द्यायचा. काही स्पर्धा फक्त कमजोर पायाने खेळायच्या. वर्गात हुशार मुलालाच पुन्हापुन्हा उभे करणे सोपे असते. रहीम साब डाव्या पायाला उभे करत.

त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने 1951 मध्ये दिल्लीत आशियाई सुवर्णपदक मिळवले. पण 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे धुतले. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्यानंतर बूट आले. सेंटर फॉरवर्डला थोडे मागे खेळवण्याची हंगेरीची युक्तीही रहीम साबांनी उचलली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य मोडले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले. मुंबईकडून खेळणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला आशियातला तो पहिला संघ. शेवटी चौथा क्रमांक आला.

1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या वेळी रहीम साब कर्करोगाने पोखरले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला 2-0 हरवले. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले. रहीम साबांनी त्यालाच सेंटर फॉरवर्ड केले. 4 सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा कोरियाच होता आणि प्रेक्षकही आपल्या विरोधात. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारत 2-1 जिंकला. दुसऱ्या दिवशी देशात पहिला शिक्षक दिन होता.

पुढच्या जूनमध्ये रहीम साब गेले. त्यानंतर आशियाई फुटबॉलचे सुवर्ण भारताला मिळालेले नाही. 2024 मध्ये ‘मैदान’ हा चित्रपट आला तेव्हा कुठे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

त्यांच्या संघात बंगाली, पंजाबी शीख, तमिळ, गोव्याचे ख्रिस्ती आणि हैदराबादी मुसलमान एकत्र खेळले. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाला निजामाच्या राज्याचा वारसा म्हणून हिणवले जाते. त्याच राज्यातल्या एका उर्दू बोलणाऱ्या मास्तराने तिरंगा उंचावला, हेही त्याला आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. या सतरा सप्टेंबरच्या भाषणात दोन मिनिटे रहीम साबांसाठी ठेवा.