पेशीचा उंबरठा आणि जामखेडचे साखर-मिठाचे पाणी

मागच्या वेळी आपण 'सीमा' या कल्पनेपाशी थांबलो होतो. आम्ही तत्त्वज्ञानवाले सीमेकडे भिंत म्हणून पाहतो. पेशीचे आवरण मात्र भिंत नाही, उंबरठा आहे. कोणाला आत घ्यायचे, कोणाला नाही, हे तिथे ठरते.

कॉलऱ्याचेच बघा. 19व्या शतकापासून अनेकांचा समज असा, की या रोगात आतड्याचे अस्तर सोलून निघते. मग तोंडाने पाणी देऊन उपयोग काय? 1959 साली कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले, की हे काम जंतूंच्या विषाचे आहे. पुढे रुग्णांच्या आतड्याचे तुकडे तपासले तर अस्तर शाबूत! विष पेशी फोडत नाही. ते तिला क्षार बाहेर टाकायला लावते, आणि क्षारामागे पाणी जाते.

1960 साली प्राग येथे रॉबर्ट क्रेन यांनी मांडले, की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटे शिरत नाही, ते सोडियमच्या जोडीने शिरते. आणि हे जोडीचे दार कॉलऱ्यातही उघडेच राहते! साखर आणि मीठ एकत्र दिले की दोन्ही आत जातात, पाणीही मागोमाग. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजले. तिथला मृत्यूदर सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आला.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. दोनच वर्षांत मोठा दुष्काळ. पाणी कमी, तेही गढूळ, आणि लेकरांना जुलाब. त्यात घरोघरी समज काय, तर जुलाब लागला की पाणी तोडायचे! म्हणजे मूल वाळून मरायचे, तेही आईच्या काळजीपोटी. आरोळ्यांनी गावोगावच्या बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. पुष्कळ जणी निरक्षर, काही दलित वस्तीतल्या. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. साखर जास्त झाली तर आतड्यात उलटे पाणी ओढले जाते, मीठ जास्त झाले तर जिवावर बेतते. म्हणून प्रमाण महत्त्वाचे.

सोडियमचा वाहक या बायकांना कोणी शिकवला नव्हता. मग त्यांना ज्ञान होते की नुसते कौशल्य? आमचे पंडित इथे कौशल्य म्हणून मोकळे होतील. आम्हाला ते पटत नाही. प्रमाण का चुकवायचे नाही हे ज्या बाईला ठाऊक आहे, आणि जी सासूच्या तोंडावर 'पाणी तोडू नका' म्हणते, तिला कारण कळलेले आहे. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी 'लॅन्सेट'ने लिहिले होते, की सोडियम-ग्लुकोजच्या जोडीचा हा शोध कदाचित शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरेल.