स्पीडब्रेकरवर गाडी ‘कुई-कुई’ करतेय? बुशला ऑइल मारण्याआधी हे वाचा

वारणानगर परिसरात पावसाळ्यात खड्डे आणि चिखल, तर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते. अशा रस्त्यांवर गाडीच्या सस्पेन्शनमधून आवाज येऊ लागला की पहिला सल्ला मिळतो, ‘सर्व्हिसिंगला टाक, खालून ऑइल मारून घे.’ आवाज थांबतोही, पण काही दिवसच. मग नेमकं चुकतं कुठे?

बुश म्हणजे काय?
सस्पेन्शनचे आर्म चासीला जोडताना मध्ये बसवलेली रबराची गादी म्हणजे बुश. ती धक्के आणि आवाज शोषून घेते.

रबराला ऑइल का नको?
बहुतेक आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या-बाहेरच्या धातूच्या नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. ते घासत नाही, पीळ घेतं. त्यामुळे त्याला वंगण लागतच नाही. उलट इंजिन ऑइल, डिझेल किंवा साधं ग्रीस लागलं तर रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं. लोखंडी पाट्यांवर ऑइल मारतानाही ते बुशवर उडू देऊ नका.

पॉलीयुरेथेन बुशचं काय?
इथे गणित उलटं आहे. हा बुश आतल्या नळीभोवती फिरतो, म्हणून बसवतानाच सिलिकॉन ग्रीस लावावं लागतं. पाण्या-चिखलाने ते निघून गेलं की आवाज सुरू होतो. मग बुश खोलून, पुसून पुन्हा ग्रीस लावायचं.

आवाज कुठला, कसं ओळखायचं?
गाडी उभी करून एकेका बुशवर साबणाचं पाणी मारा आणि गाडी वर-खाली दाबून बघा. ज्या बुशवर पाणी मारल्यावर आवाज थांबेल, दोष बहुधा तिथेच. अँटी-रोल बारचा रबरी बुश कोरडा पडला असेल तर थोडा सिलिकॉन स्प्रे चालतो. मात्र तो ब्रेकवर अजिबात उडता कामा नये.

नवा रबरी बुश बसवताना
गाडी जॅकवर असतानाच बोल्ट पूर्ण आवळला, तर चाक जमिनीवर टेकताच रबराला कायमचा पीळ बसतो. म्हणून शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच, हे मेकॅनिकला आठवणीने सांगा.

थोडक्यात, भेगा पडल्या असतील, खडखड होत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकीकडूनच झिजत असतील, तर तपासणी करून घ्या. बुश फाटलेला निघाला तर कुठलंही वंगण कामाचं नाही, बुशच बदला. ऑइलने आवाज दबतो, दोष तसाच राहतो. आणि तो पन्हाळ्याच्या घाटात ब्रेक दाबताना कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेला बरा.