फिरतीची नोकरी: दोन कामांमधल्या प्रवासाचा पगार मिळतो का?

एसी दुरुस्तीचा टेक्निशियन, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणारा मुलगा, वृद्धांची घरी जाऊन शुश्रूषा करणारी केअरटेकर. या सगळ्यांच्या नोकरीत एक गोष्ट सारखी आहे: रोज जाऊन बसायचं असं एक ठिकाण त्यांना नाही. सकाळी एका पत्त्यावर, तासाभरानं दुसऱ्या, दुपारी तिसऱ्या. दिवसाचे दोन-तीन तास रस्त्यावरच जातात.

या तासांचा पगार मिळायला हवा का? वरवर साधा वाटणारा हा प्रश्न अनेक देशांच्या न्यायालयांत गेला आहे आणि त्याची उत्तरंही वेगवेगळी आली आहेत. ती सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी दोन फरक लक्षात घ्या

पहिला फरक कामावर जाणं आणि कामासाठी फिरणं यातला. घरून ऑफिसला जाणं हा तुमचा प्रवास. तुम्ही विरारला राहता की दादरला, हे मालकानं ठरवलेलं नसतं. म्हणून लोकलमधल्या दीड तासाचा पगार जवळपास कुठेच मिळत नाही. पण पहिल्या ग्राहकाकडून दुसऱ्या ग्राहकाकडे जाताना कुठे जायचं, किती वाजता पोहोचायचं, हे सगळं कंपनी ठरवते. मधल्या वेळात तुम्ही घरी जाऊन झोपू शकत नाही. हा प्रवास कामाचाच भाग आहे, असा युक्तिवाद इथूनच सुरू होतो.

दुसरा फरक खर्च आणि वेळ यातला. पेट्रोलचे पैसे, बसभाडं किंवा टीए-डीए मिळाला म्हणजे प्रवासाचा पगार मिळाला असं नाही. पेट्रोलचे पैसे तुम्ही खिशातून केलेल्या खर्चाची भरपाई असते. त्या प्रवासात गेलेल्या तासाचा मोबदला हा वेगळा विषय आहे. "टीए देतो ना" या उत्तरावर अनेकदा चर्चा संपते, पण प्रश्न तसाच राहतो.

फरक किती पडतो? एक हिशेब

हा वाद सगळ्यात जास्त गाजला तो ब्रिटनमधल्या केअर वर्कर्समुळे. वृद्ध किंवा आजारी माणसाच्या घरी जायचं, आंघोळ घालायची, जेवण आणि औषध द्यायचं, मग पुढच्या घरी निघायचं. २०२२ मध्ये ब्रिटननं या कामासाठी परदेशी लोकांना व्हिसा देणं सुरू केलं आणि भारतातूनही अनेक जण गेले. परदेशातून नवी भरती जुलै २०२५ मध्ये बंद झाली, पण आधी गेलेले लोक तिथे काम करतच आहेत.

समजा, एका केअर वर्करला तासाला १३ पाउंड मिळतात. दिवसात ६ घरं, प्रत्येक घरी अर्धा तास. म्हणजे ३ तासांचे ३९ पाउंड. आता या ६ घरांमध्ये ५ वेळा प्रवास आला. प्रत्येक वेळी २० मिनिटं धरली तर १०० मिनिटं. म्हणजे ती प्रत्यक्षात ४ तास ४० मिनिटं कामात अडकलेली आहे. ३९ पाउंडला त्यानं भागलं, तर तासाला सुमारे ८ पाउंड ३६ पेन्स पडतात.

ब्रिटनमध्ये २१ किंवा त्याहून जास्त वय असलेल्यांसाठी किमान वेतन एप्रिल २०२६ पासून तासाला १२.७१ पाउंड आहे. ४ तास ४० मिनिटांचे सुमारे ५९ पाउंड ३१ पेन्स होतात. कागदावर १३ पाउंडचा दर कायदेशीर दिसतो. प्रवास मोजला की तोच पगार एका दिवसात २० पाउंडांनी कमी भरतो.

ब्रिटनचा कायदा काय सांगतो?

ब्रिटनच्या २०१५ च्या किमान वेतन नियमांनुसार एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्याचा वेळ किमान वेतनाच्या हिशेबात धरावा लागतो. घरून पहिल्या कामावर जाण्याचा आणि शेवटच्या कामावरून घरी येण्याचा वेळ मात्र धरला जात नाही. केअर वर्करच्या दोन घरांमधल्या प्रवासाबद्दल तिथल्या रोजगार अपील न्यायाधिकरणानं २०१३ मध्येच असा निर्णय दिला होता.

पण इथे एक बारकावा आहे. "प्रवासाचा वेगळा पगार द्या" असं कायदा म्हणत नाही. एकूण पगार भागिले प्रवासासकट एकूण तास, हे उत्तर किमान वेतनापेक्षा कमी येता कामा नये, एवढंच तो म्हणतो. आणि हा हिशेब एका दिवसाचा नसून पगाराच्या पूर्ण कालावधीचा, म्हणजे बहुधा आठवड्याचा किंवा महिन्याचा असतो. त्यामुळे तासाचा दर भरपूर असेल, तर प्रवासासाठी वेगळा एक पेनीही न देता कंपनी कायद्यात बसू शकते. दर किमान वेतनाच्या जवळ असेल, तर मात्र ती लगेच अडकते.

लंडनच्या हॅरिंगे भागात कौन्सिलच्या कंत्राटावर काम करणाऱ्या १० केअर वर्कर्सनी युनियनच्या मदतीनं असाच दावा केला. २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि सगळ्यांना मिळून सुमारे एक लाख पाउंड मिळाले. दोन घरांमधला प्रवास आणि ६० मिनिटांपर्यंतची मधली प्रतीक्षा हासुद्धा कामाचाच वेळ आहे, असं न्यायाधिकरणानं मान्य केलं.

मग सगळेच दावा का करत नाहीत? व्हिसावर गेलेल्यांची अडचण मोठी असते. त्यांचा व्हिसा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या प्रायोजकत्वावर टिकून असतो. नोकरी गेली, तर साधारण ६० दिवसांत नवा प्रायोजक शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. अशा वेळी पगारपत्रकाबद्दल प्रश्न विचारणंही धोक्याचं वाटू शकतं.

ऑफिसच बंद केलं तर?

दोन ग्राहकांमधला प्रवास समजला. पण ज्याला ऑफिसच नाही, त्याचं घर ते पहिला ग्राहक हे अंतर कोणाच्या खात्यात धरायचं? या प्रश्नाचं उत्तर स्पेनमधल्या एका खटल्यातून आलं.

टायको ही चोरीविरोधी यंत्रणा बसवणारी आणि तिची देखभाल करणारी कंपनी. २०११ मध्ये तिनं स्पेनमधली प्रादेशिक ऑफिसं बंद केली आणि सगळे टेक्निशियन माद्रिदच्या मुख्य ऑफिसशी जोडले. त्याआधी टेक्निशियन जवळच्या ऑफिसात येऊन गाडी आणि कामाची यादी घ्यायचे आणि तेव्हापासून ड्युटी सुरू व्हायची. ऑफिसं बंद झाल्यावर यादी आदल्या संध्याकाळी मोबाइलवर येऊ लागली आणि कंपनीच्याच गाडीतून घरून थेट ग्राहकाकडे जावं लागू लागलं. पहिला ग्राहक कधीकधी १०० किलोमीटरहूनही लांब असायचा. कंपनीनं मात्र ड्युटी पहिल्या ग्राहकाच्या दारात सुरू होते आणि शेवटच्या ग्राहकाच्या दारात संपते, असं धरलं.

१० सप्टेंबर २०१५ ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं निकाल दिला: ठरलेलं कामाचं ठिकाण नसलेल्या कामगाराचा घर ते पहिला ग्राहक आणि शेवटचा ग्राहक ते घर हा प्रवास कामाचा वेळ आहे. ऑफिस बंद करण्याचा निर्णय कंपनीचा होता, त्याचा भार कामगाराच्या विश्रांतीवर टाकता येणार नाही, हा त्यामागचा मुख्य विचार.

सोशल मीडियावर हा निकाल "आता प्रवासाचाही पगार" अशा शब्दांत फिरला. ते अर्धंच खरं आहे. हा निकाल युरोपच्या कामाच्या वेळेच्या नियमांखाली आला होता. आठवड्यात जास्तीत जास्त किती तास काम आणि रोज किती विश्रांती, हे ते नियम ठरवतात. पगार किती द्यायचा हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो.

एकाच प्रकारचा प्रवास, दोन उत्तरं

हा फरक किती महागात पडू शकतो, ते दोन प्रकरणांवरून दिसतं.

ब्रिटनमधल्या कोंबड्यांच्या फार्मवर काम करणाऱ्या मजुरांना कंपनीची मिनीबस पहाटे घरून उचलायची आणि देशभरातल्या फार्मवर न्यायची. काही दिवशी जाऊन-येऊन प्रवासच ८ तासांपर्यंत व्हायचा. २०२४ मध्ये तिथल्या रोजगार अपील न्यायाधिकरणानं सांगितलं, की हा घर ते काम असा प्रवास आहे, त्यामुळे तो किमान वेतनाच्या हिशेबात धरता येत नाही.

दुसरं प्रकरण स्पेनच्या वॅलेन्सिया भागातलं. निसर्गसंवर्धनाचं काम करणारे कामगार कंपनीनं ठरवलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जमायचे आणि कंपनीच्या गाडीतून कामाच्या ठिकाणी जायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय न्यायालयानं हा प्रवास कामाचाच वेळ असल्याचा निकाल दिला. गाडी, वेळ आणि ठिकाण तिन्ही कंपनी ठरवत असेल, तर गाडीतला माणूस कंपनीच्या ताब्यातच असतो.

दोन्ही ठिकाणी मजूर गाडीत बसून दुसऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे चालला होता. पण एका ठिकाणी प्रश्न पगाराचा होता आणि दुसऱ्या ठिकाणी तासांच्या मर्यादेचा, म्हणून उत्तरं वेगळी आली.

अमेरिकेत या वादाचा निकाल संसदेनंच लावला. १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कारखान्याच्या आवारात कामाच्या जागेपर्यंत चालत जाण्याचा वेळही मोजायला सांगितला. दाव्यांचा पूर आला आणि १९४७ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदा करून घर ते काम हा प्रवास पगारातून वगळला. दिवसभराच्या कामात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा वेळ मात्र तिथेही मोजला जातो.

भारतात काय स्थिती आहे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. वेतन संहितेत किमान वेतन आहे, ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. पण फिरतीवरच्या कामगाराचा प्रवास मोजायचा की नाही, याबद्दल ब्रिटनसारखा स्पष्ट नियम नाही. उलट वेतनाच्या व्याख्येतून प्रवास भत्ता वगळलेला आहे. म्हणजे टीए हा पगार नाही, हे कायदाच सांगतो. त्यामुळे सगळी भिस्त नेमणूक पत्रावर आणि कंपनीच्या नियमांवर राहते.

मात्र अपघात झाला, तर चित्र बदलतं. १९५७ मध्ये मुंबईत बेस्टचा एक ड्रायव्हर ड्युटी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसनं घरी निघाला होता. त्या बसला अपघात झाला आणि तो दगावला. ड्रायव्हरला वेळेवर आणि ताजंतवानं कामावर ठेवण्यासाठीच ही बसची सोय आहे, म्हणून हा मृत्यू नोकरीच्या ओघात झाला, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६३ मध्ये सांगितलं आणि त्याच्या पत्नीला भरपाईचा हक्क मिळाला.

महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन २२ एप्रिल २००३ ला पहाटे ३ च्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर अपघातात गेला. उच्च न्यायालयानं भरपाई नाकारली होती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती परत मिळवून दिली. घर ते काम या प्रवासातला अपघातही, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध असेल तर, नोकरीच्या ओघातला धरता येईल, असं न्यायालयानं स्पष्ट केलं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे.

म्हणजे आपल्याकडे रस्त्यावर जीव गेला तर तो प्रवास नोकरीचा भाग ठरू शकतो. पण तोच प्रवास रोज सुखरूप करणाऱ्याच्या पगारात तो धरलाच जाईल, याची हमी नाही.

ॲपवर काम करणाऱ्यांचं काय?

डिलिव्हरी पार्टनरला बहुधा ऑर्डरमागे पैसे मिळतात. हॉटेलबाहेर थांबणं आणि ऑर्डर पोहोचवून रिकामं परत येणं याचं घड्याळ चालत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये उबर चालकांच्या खटल्यात सांगितलं, की चालक आपल्या भागात ॲप सुरू करून भाडं घ्यायला तयार असेल, तर तो वेळही कामाचा आहे. भारतात सामाजिक सुरक्षा संहितेनं गिग कामगारांना पहिल्यांदाच कायद्यात जागा दिली आणि कंपन्यांनी त्यांच्यासाठी निधीत पैसे भरायचे आहेत. पण तासाप्रमाणे किमान वेतनाचा हक्क त्यात नाही.

तुम्ही फिरतीवर असाल तर काय कराल?

• नेमणूक पत्र वाचा. ड्युटी कुठून सुरू होते: घर, ऑफिस की पहिला ग्राहक? नव्या संहितांनुसार नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे. मिळालं नसेल तर मागा.

• रोजची नोंद ठेवा. निघालो, पोहोचलो, काम संपलं अशा तीन वेळा साध्या डायरीत लिहिल्या तरी चालतं. ॲपवर आलेल्या यादीचे आणि बदललेल्या पत्त्यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

• महिन्याचा पगार भागिले प्रवासासकट एकूण तास, हा हिशेब एकदा करा. उत्तर किमान वेतनाशी ताडून पाहा. भागताना टीए पगारात धरू नका.

• सूचना लेखी मागा. "उद्या थेट साइटवर जा" हा फोन असेल, तर त्याला मेसेजवर "ठीक आहे, उद्या थेट साइटवर जातो" असं उत्तर द्या. पुढे तोच पुरावा होतो.

• प्रवासात अपघात झाला, तर त्या दिवशीच्या ड्युटीचा मेसेज, हजेरी आणि पोलीस नोंद लगेच गोळा करा. मार्ग कामाचा होता, हे दाखवावं लागतं.

• भारतात तक्रारीसाठी जवळचं कामगार आयुक्त कार्यालय किंवा युनियन. ब्रिटनमध्ये असाल तर अकास या संस्थेच्या हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो. तिथल्या न्यायाधिकरणात दाव्याची मुदत काही महिन्यांचीच असते, म्हणून नोकरी सुटेपर्यंत थांबू नका.

तुमच्या ओळखीत कुणी एमआर, टेक्निशियन किंवा केअरटेकर असेल, तर वरचा भागाकार त्यांना एकदा करून बघायला सांगा.